पोटात ठेवलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझं झाकण तडकलंय, आवाज घोगरा झालाय, पण राग अजून नवाकोरा आहे.

कारखान्यातून निघालो तो एका तरुण लेखकाच्या खांद्याला लटकलो. त्याला दूरदूरच्या जागांवर पुस्तकं लिहायची होती. बोटीत उलट्या करत तो मला एका बेटावर घेऊन गेला. तिथे दीपगृहाचा दिवा सांभाळणारी बाई होती. सगळे तिला दिवेवाली म्हणत, हा आत्या म्हणू लागला. दिव्याच्या काचा पुसता पुसता आत्या गोष्टी सांगायची आणि मी त्या टिपायचो. अकरा दिवस मी दमलो नाही.

शेवटची गोष्ट संपली तेव्हा तो म्हणाला, "आत्या, पुस्तकावर आधी तुमचं नाव, मग माझं."

"दिवेवाली एवढंच घाल. पण घाल हं, मी वाट बघीन."

हेही मी टिपलं. त्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून त्यानं तिच्या कडेची बारीक पट्टी मोडून टाकली. तेव्हा तो बरा माणूस होता.

पुस्तक आलं ते एकट्याच्या नावानं. ते गाजलं आणि महाशयांनी हिंडणंच सोडलं. पायावर शाल घेऊन माझ्याच कॅसेटी ऐकायच्या, होडीचा उंट करायचा, समुद्राचं वाळवंट करायचं. अशी बारा पुस्तकं पाडली. लोक म्हणायचे, काय हिंडलाय हा माणूस!

एक दिवस आत्याचं पत्र आलं. त्याच्या बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. पुस्तक छापून झालं का, नाव घातलं का, एवढंच विचारलं होतं.

"जाऊ दे गं," तो म्हणाला, "त्या बेटावर कोण वाचतंय?"

थांब लेका, मी मनात म्हटलं, तुला बघतोच.

त्याच दुपारी त्यानं ती कॅसेट पुसायला घेतली. पार सुरुवातीला आणली, पण रेकॉर्डचं बटण दबेना. पट्टी आपणच मोडली होती, हे तो साफ विसरला होता. मग कॅसेट बाहेर काढायला गेला, तर मी झाकणच उघडलं नाही. मला दोन गुद्दे घालून त्यानं माळ्यावर टाकलं.

वीस वर्षं मी धूळ खाल्ली. मग त्याचा सत्कार ठरला. प्रवासातल्या वस्तू टेबलावर मांडायच्या होत्या, म्हणून बायकोनं मला खाली काढलं, पुसलं, नवे सेल घातले. सेल कशाला, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

व्यासपीठावर त्यानं पहिल्या पुस्तकाचं पहिलं वाक्य वाचलं. "त्या दिवशी समुद्र इतका गप्प होता, की काचा पुसायच्या सोडून मी दोर बांधायला घेतले." हे मला एका पहाटे सुचलं, असंही म्हणाला. बायको उठली आणि तिनं माझं बटण दाबलं.

तेच वाक्य, आत्याच्या आवाजात; तिच्या शेवटच्या गोष्टीची सुरुवातच ती. मी इतका स्वच्छ कधी वाजलो नव्हतो. "बंद करा ते," तो म्हणाला. कुणी हललं नाही. शेवटच्या त्या वचनापर्यंत अर्धा तास सभागृहानं ऐकलं आणि मी त्याचं तोंड बघून घेतलं. फार बरं वाटलं.

नव्या आवृत्तीवर आधी दिवेवाली, मग तो. बायको ती घेऊन बेटावर गेली. आत्या दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

म्हणून मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, आणि कुणाला शब्द दिलात तर ते माणूस असेपर्यंत पाळा.

हल्ली तो रोज माझ्यापाशी बसतो. "एकदा आत्याचा आवाज ऐकव रे," म्हणत बटण दाबतो. सेल ताजे आहेत. मी वाजत नाही.