देवकाबाईचा कोनाडा

१९७८च्या ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी देवकाबाई पुलगावच्या प्रार्थनाघराच्या पायरीशी चपला काढून उभी राहिली आणि आत झाडत असलेल्या रेजिनाला तिने हाक मारली.

"ओ पोरी, तुमची मारियामाय महिनाभर घरोघरी फिरून राह्यली. आमच्याच दाराले काऊन नाई येत?"

रेजिनाचा झाडू थांबला. दारूगोळ्याच्या डेपोत आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्या कॅथलिक घरांमधल्या तरुण मुलामुलींचं तिथे एक मंडळ होतं. ती एकत्र प्रार्थना करत, दवाखान्यातल्या एकट्या रुग्णांना पेज नेऊन देत, एकमेकांच्या घरची अडलेली कामं उरकत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मारियामातेची हातभर उंच मूर्ती रोज एका घरून दुसऱ्या घरी जाई. ज्या घरी ती राहिली त्या घरच्या बाईने स्वतः उचलायची, वाटेत खाली ठेवायची नाही, आणि पुढच्या घरच्या बाईच्या हातात द्यायची.

हे मंडळ फिलोमिनाने सुरू केलं होतं. मग तिने गिरणीत कामाला असलेल्या पुंडलिकशी, देवकाबाईच्या मुलाशी, कचेरीत जाऊन लग्न केलं. चर्चबाहेरचं लग्न. त्यानंतर मूर्ती तिच्या दारात गेली नव्हती आणि तिची आई मार्थाबाईही नाही.

"तुम्हाला सगळं ठाऊक आहे, बाई," रेजिना हळू आवाजात म्हणाली.

"मले एवढंच ठाऊक हाये का सून जेवत नाई. दसऱ्याले लेकरू मेलेलंच निपजलं. बाप्तिस्मा नाई, नाव नाई, म्हणते, अन् भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. तुमचं गाणं आयकू आलं का तेवढी उठून बसते." देवकाबाईने पायरीवरची माती पायाने सारली. "तुमची मारियामाय बी लेकराचीच माय हाये ना?"

महिन्याच्या शेवटी मूर्ती मार्थाबाईच्या घरी होती. दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनाघरात परत न्यायची होती. रेजिना गेली तेव्हा मार्थाबाई तांदूळ निवडत होती.

"मावशी, उद्या गिरणीच्या चाळीवरून जाऊ या का?"

"सरळ रस्ता सोडून?"

"फिलूचं बाळ..."

"खडे फार आहेत या तांदळात," मार्थाबाई म्हणाली. "अंधार पडतोय. घरी जा, आई वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई मूर्ती छातीशी धरून पुढे निघाली. मागून मंडळ गात होतं. रेल्वे फाटकानंतर प्रार्थनाघर सरळ होतं. मार्थाबाई डावीकडे वळली. गाणं क्षणभर विस्कटलं, पण तिला कोणी काही विचारलं नाही.

देवकाबाईच्या दाराशी ती थांबली.

"हात भरून आले, बाई. घडीभर धरता?"

देवकाबाई आत धावली, हात धुऊन आली आणि डोक्यावर पदर घेऊन तिने मूर्ती दोन्ही हातांनी घेतली. कोनाड्यातले आपले देव जरासे सरकवून तिने ती तिथे ठेवली. आत, भिंतीला टेकून फिलोमिना उभी होती. पदर खांद्यावरून ओघळला होता.

मार्थाबाई उंबरठ्याबाहेरच राहिली. तिने जपमाळ काढली. माळ सुरू करण्याआधी ती कोणासाठी, हे त्या घरातल्या माणसाने सांगायचं असतं.

"कोणासाठी?" तिने मूर्तीकडे बघत विचारलं.

फिलोमिनाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"नातीसाठी," देवकाबाई म्हणाली. "तुमची बी होती थे."

मार्थाबाईने पहिला मणी अंगठ्याखाली धरला. मग तिने सुरुवात केली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. तिची अर्धी संपली. मागे मंडळाने श्वास घेतला, तेवढ्यात रेजिनाने मागे न बघता हात वर केला. सगळे गप्प राहिले. चाळीच्या नळाखाली कोणाची तरी बादली भरून वाहत होती.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते..." आतून घोगरा आवाज आला.

मार्थाबाईने चपला काढल्या आणि उंबरठा ओलांडला.

तीन वर्षांनी वर्ध्याहून येणाऱ्या फादरांनी फिलोमिना आणि पुंडलिकच्या लग्नाला चर्चमध्ये आशीर्वाद दिला. त्यांना पुढे दोन मुलगे झाले. मार्थाबाई त्या संध्याकाळबद्दल कधी बोलली नाही. विषय निघालाच तर म्हणे, मूर्ती जड होती. मार्थाबाईला माती दिली तेव्हा शवपेटीच्या पुढच्या बाजूला पुंडलिकचा खांदा होता. मंडळातल्या काहींच्या वडिलांच्या बदल्या झाल्या, काहींची लग्नं झाली. रेजिना शिक्षिका होऊन अमरावतीला गेली. मूर्ती घरोघरी नेणं बंद पडलं.

देवकाबाईने धर्म बदलला नाही, कोणी तिला तसं म्हटलंही नाही. पण अखेरपर्यंत दर ऑक्टोबरात ती कोनाड्यातले देव जरासे सरकवून ठेवी. सून हसून म्हणे, "आई, आता कोण येणार आहे?"

"कोणाचे हात भरून आले तं?" ती म्हणायची. "जागा तं पायजे ना."