दलदलीवरचा पट्टा

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो नव्हे. फिरायला नेताना त्याला अडकवतात आणि ज्याची मूठ माणूस हातात धरतो, तो मी. मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. दोन जिवांच्या मध्ये ज्याला ताणून राहायचं असतं, त्याला निवांतपणा कुठला?

हॉलंडच्या उत्तरेला, ड्रेन्थ भागातल्या एका गावात माझा जन्म झाला. खोगीर शिवणाऱ्या एका कारागिराने घोड्याच्या लगामातून उरलेलं जाड चामडं घेऊन मला कापलं, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवलं, चरबी चोळून मऊ केलं आणि पितळेची कडी बसवली. मग दोन्ही हातांनी मला ओढून पाहत तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "लुब्बर्ट, कुत्रा तुटेल, पण हा तुटायचा नाही."

"कुत्रा तुटून कसं चालेल रे बाबा?" लुब्बर्ट हसला. मला मात्र ते बोलणं तेव्हाही आवडलं नव्हतं.

लुब्बर्टच्या गावाला लागून जांभळ्या झुडपांचा मोठा माळ आहे आणि माळ संपला की दलदल. पूर्वी लोक तिथली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळायचे. माती काढलेल्या जागी आता काळं पाणी आहे. त्यावर शेवाळाची जाड गादी पसरली आहे. ती दिसते हिरवळीसारखी, पण पाय ठेवला की खाली जाते. आता तो सगळा भाग राखीव आहे. दलदलीवरून फळ्यांची पायवाट जाते आणि वसंतात कुत्र्यांना मोकळं सोडायला बंदी असते, कारण चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवरच घरटी करतात.

लुब्बर्टने मला कधी हातातून सोडलं नाही. त्याचे दोन कुत्रे माझ्या देखत म्हातारे झाले. तिसरा आला बाउके, पांढरा आणि तपकिरी, लोंबत्या कानांचा. पक्षी हेरणाऱ्या जातीचा. या जातीला पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं असतं की काही दिसलं तर भुंकायचं नाही, गप्प उभं राहायचं. बाउके सहसा भुंकतच नसे. लोक त्याचं कौतुक करायचे. मला वाटायचं, हा एवढा गप्प, कधी संकटात सापडला तर सांगणार कसा?

मग लुब्बर्ट वारला. तो हिवाळा मी दाराजवळच्या खिळ्यावर लटकून काढला. अंगावर बुरशी आली, शिवण कोरडी पडली. बाउके रोज माझ्याखाली येऊन बसे. एके सकाळी लुब्बर्टच्या बायकोने, गेस्येने, मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि कुत्र्याला म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या. दोघंही इथे सडून जाऊ नाहीतर."

तेव्हापासून ती रोज फिरायला जाऊ लागली. वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलू लागली. पण मूठ तिच्या हातात आली की मला कळे, तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. बाउकेने जरा ओढलं की ती ओठ चावायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या माळावर फिरणाऱ्यांची एक सवय आहे. मुठीकडचं टोक जमिनीवर सोडून द्यायचं आणि कुत्र्याला पट्टा ओढत चालू द्यायचं. नियमही मोडला असं वाटत नाही आणि हातालाही त्रास नाही. सगळेच तसं करत. गेस्येही करू लागली. मी फळ्यांवरून फरफटत जाई आणि प्रत्येक खाचेत माझा जीव अडके.

राखीव माळाचा रक्षक वोल्टर तिला हटकायचा. "काकू, पट्टा हातात धरा की."

"अरे, आहे ना गळ्यात! मी पट्ट्यावर पाय ठेवला की थांबतो तो."

"आणि पाय ठेवायच्या आत पळाला म्हणजे?"

"तो? त्याला जिना चढताना धाप लागते. पळतोय कुठला!"

एप्रिलातल्या एका दुपारी धुकं उतरत होतं. आम्ही फळ्यांच्या वाटेवर होतो. अचानक अगदी जवळून एक हरीण उसळलं आणि बाउकेला आपलं म्हातारपण आठवलं नाही. गेस्येने माझ्यावर पाय ठेवायला गेली तो पाय नुसत्या फळीवर पडला. तोवर मी पुढे निघून गेलो होतो.

मी आपटत, भिजत त्याच्या मागे ओढला जात होतो. हरीण कुठल्या कुठे गेलं. बाउके थांबला, वळला, आणि त्याच क्षणी माझी मूठ बर्च झाडाच्या बुंध्यात अडकली. तो बुंध्याभोवती फिरला. मी आखूड झालो. पुन्हा फिरला, आणखी आखूड झालो. मग त्याच्या मागच्या पायांखालचं शेवाळ खचलं आणि तो छातीपर्यंत काळ्या पाण्यात गेला. त्याने धडपड केली, पण मी त्याला बाहेर येऊ देईना. मी देईना, मित्रांनो! ज्याला सांभाळायला मला शिवलं होतं, त्याच्या गळ्याशी मीच आवळत होतो. त्या कारागिराने मला इतकं मजबूत का केलं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

धुक्यात पाण्यावरून आवाज लांब जातो. फळ्यांवरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. गेस्ये घसा फाटेपर्यंत हाका मारत होती. बाउकेचे कान हलत होते, पण तोंडातून आवाज निघेना.

मग हाका ऐकून गेस्येची नणंद हिल्ये आली. ती शेजारीच राहायची.

"वहिनी, आधी हाका बंद कर. घाबरून आणखी लांब जाईल तो. कोट काढ."

"कोट?"

"तुझा. अंगावरचा. जिथून पळाला तिथे पसर आणि गप्प बस. वासावर येतो कुत्रा. माझा फोक्के हरवला होता तेव्हा नाही का, सकाळी माझ्या कोटावर घोरत सापडला!"

त्या भागात कुत्रा हरवला की असंच करतात, आणि बहुतेक वेळा कुत्रा येतोही. गेस्येने कोट काढून पसरला. दोघी गप्प बसल्या. ती शांतता मला हाकांपेक्षा भयंकर वाटली. कोटाचा वास आमच्यापर्यंत आला. बाउकेने नाक वर केलं, सगळा जोर लावला, मी ताणलो, आणि तो आणखी थोडा खाली गेला. तो थरथरत होता. पाणी बर्फासारखं होतं.

"चल आता," बऱ्याच वेळाने हिल्येचा आवाज आला. "कोट राहू दे. अंधार पडायच्या आत घरी जाऊ. सकाळी बघू."

"तू जा. मी बसते."

"अगं, गारठून मरशील!"

"मरेन. तो आल्यावर कुणीतरी असायला नको का इथे?"

"मेल्यावर कशी असशील? भलतंच काहीतरी बोलतेस!"

जाऊ नका, मी मनात ओरडत होतो. कोटावर जो येऊच शकत नाही, त्याची वाट पाहू नका. पण चामड्याचं ओरडणं कोण ऐकणार?

तेवढ्यात जड बुटांचा आवाज आला. वोल्टर होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, मी एक फेरी मारतो. पट्टा द्या इकडे. दिसला तर बांधून आणतो."

गेस्येने मान खाली घातली.

"काकू, पट्टा?"

"त्याच्याच गळ्यात आहे," गेस्ये हळूच म्हणाली.

"मग तो येणार कसा? अडकला असेल कुठेतरी! उठा, कोट घाला अंगात."

दिव्याचा उजेड धुक्यात फिरू लागला. आणि मग वोल्टरला ती दिसली, ओल्या शेवाळावर माझ्या मुठीने ओढलेली रेघ. फळीपासून थेट दलदलीत गेलेली. धावत जाऊन त्याने आपल्या गाडीतली शिडी आणली, त्या रेघेच्या रोखाने आडवी टाकली आणि पोटावर सरपटत तो आमच्यापर्यंत आला. बाउकेचं फक्त डोकं पाण्याबाहेर होतं. कडी पाण्याखाली, काळ्या चिखलात रुतलेली. वोल्टरचे बधिर हात तिच्यापर्यंत पोहोचेनात, आणि बुंध्याभोवतीचे माझे वेढेही ताणाने घट्ट आवळले होते.

"काकू, कापावा लागेल! लुब्बर्टकाकांचा आहे ना हा?"

"लुब्बर्टचा असो नाहीतर राजाचा, काप मेल्या, विचारतोस काय!"

सुरी बोथट होती आणि मी जाड होतो. दर घावाला मी स्वतःला सांगत होतो, तूट. एकदाचा तूट. शेवटचा दोरा सुटला तसा बाउके सैल झाला आणि वोल्टरने त्याला मानेला धरून शिडीवर ओढला.

त्या संध्याकाळी तो शेगडीपुढे रजईत पडला होता आणि मी, कडीकडचा अर्धा तुकडा, त्याच्या गळ्यातच होतो. त्याचा श्वास मोजल्याशिवाय मला चैन पडेना. हिल्येने वाटाण्याचं सूप गरम केलं आणि वाडगा वहिनीपुढे ठेवला. गेस्येच्या बोटांना चमचा धरता येईना.

हिल्ये बघत राहिली. "हे कधीपासून?"

"लुब्बर्ट गेला त्या हिवाळ्यापासून."

"आणि म्हणून पट्टा सोडत होतीस? सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, कुत्रा देऊन टाक."

"म्हणालेच असते. तू ऐकलं नसतंस. मग मी दुसरं काहीतरी केलं असतं."

तिने दुसरं काहीतरी केलं. आपल्या नवऱ्याचा रुंद कमरपट्टा आणून त्यावर माझा उरलेला तुकडा शिवला. टाके वाकडेतिकडे आहेत, कारण ती शिवणारी नव्हे, पण पक्के आहेत. तो पट्टा आता गेस्येच्या कमरेला असतो आणि माझी कडी बाउकेच्या गळ्यात. दलदलीच्या फळ्यांवर हिल्येही बरोबर येते, सारखी बडबडत.

माझी काळजी संपलेली नाही, मित्रांनो. झुडपात जरा काही हललं की मी आजही ताठ होतो. पण तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पट्टा असेल तर त्याला अधूनमधून तेल लावा, त्याची शिवण तपासा आणि बाहेर पडलात की त्याची मूठ सोडू नका. हात दुखत असेल तर लाजू नका. शेजारी चालणाऱ्याला "जरा धर" एवढंच म्हणा. तो धरेल.