दाबून ठेवलेली पानं

आहुप्याच्या आरोग्य उपकेंद्रातलं यंत्र पुन्हा बंद पडलं, तेव्हा नर्स मोहिनीताईंनी थेट रुमानालाच फोन लावला.

"डॉक्टर पडद्यावर ठमाबाईंशी बोलत होते आणि मधेच सगळं काळं झालं. आता ही बाई म्हणते, त्या डब्यापुढं मी परत बसायची न्हाई."

मागून ठमाबाईंचा आवाज आला, "लई दुखतंय म्हणून सांगाया लागले, तर पळूनच गेला की डाक्टर!"

रुमाना जुन्नरला राहायची. खाली तिच्या वडिलांचं, वजीरभाईंचं, पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान आणि वरच्या खोलीत बसून ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. खेड्यातल्या रुग्णांना शहरातल्या डॉक्टरांशी जोडणारी छोटी यंत्रं कंपनीनं ठिकठिकाणी बसवली होती. डिंगोऱ्यात, निमगाव साव्यात ती निमूट चालत होती. आहुप्यातलं मात्र सारखं मान टाकायचं.

असं यंत्र कोसळतं, तेव्हा त्या क्षणी मेमरीत जे काही होतं त्याची नक्कल ते जपून ठेवतं. एका खास टूलनं ती नक्कल उघडून कारण शोधायचं असतं. रुमानानं ती उघडली होती. रेंज पकडणारा मोडेम सांभाळणाऱ्या भागात घोटाळा झाला, इथवर तिला कळलं होतं. पण मोडेमला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमनं शेवटी नेमकं काय मागितलं, हे बघायला गेलं की टूल म्हणायचं, हे पान वाचता येत नाही.

पान म्हणजे मेमरीचा एक तुकडा, आणि तो तर नकलेतच होता. यंत्राची मेमरी तोकडी, त्यामुळे कमी वापरातली पानं ते दाबून, आकसून एका कोपऱ्यात ठेवायचं. ती आकसलेली पानं उलगडणं टूलला येत नव्हतं.

"मग विषय संपला," तिचे वरिष्ठ सुनील सर फोनवर म्हणाले. "महिनाअखेर तिथलं यंत्र काढून आणू."

"टूलचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे सर. मी त्याला उलगडायला शिकवते."

"रुमाना, टूल बनवणं आपलं काम नाही."

"मग ठमाबाईंना घोडेगावच्या दवाखान्यात न्यायचं का प्रत्येक वेळी? चढउताराचा रस्ता आहे, गुडघे धरलेत त्यांचे."

सर म्हणाले, "बघ करून. पण तारीख बदलणार नाही."

ती कामाला लागली. पान कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधायचं, तिथला तुकडा उचलायचा आणि उलगडायचा. पहिल्यांदा उलगडलं तेव्हा पडद्यावर नुसता कचरा आला. दुसऱ्यांदाही तेच. वजीरभाई चहा घेऊन वर आले, तेव्हा ती डोकं धरून बसली होती.

"नाही जमत, अब्बा."

"आज नाही जमत," ते म्हणाले आणि कप ठेवून खाली गेले.

चिडून तिनं आहुप्याच्या यंत्राची माहिती पहिल्यापासून वाचायला घेतली. यंत्र नव्या खेपेतलं होतं. त्यात पानं दाबायची पद्धतच बदलली होती आणि ती मात्र जुन्या पद्धतीनं उलगडत बसली होती! पद्धत कोणती, हे आधी नकलेलाच विचारायचं, अशी सोय तिनं टूलमध्ये केली. पुन्हा चालवलं. या वेळी ओळी आल्या, सरळ वाचता येणाऱ्या. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं, तरी वाचल्या.

डोंगरात रेंज सारखी जायची. ती गेली की प्रोग्रॅम जोडणी बंद करायला सांगायचा आणि ती बंद होते न होते तोच पुन्हा बंद करायला सांगायचा. त्या दुसऱ्या आज्ञेनं यंत्र कोसळायचं. खालच्या गावांत रेंज अशी तुटत नव्हती, म्हणून तिथं काही बिघडत नव्हतं.

दोष कळल्यावर दुरुस्ती सोपी होती; प्रोग्रॅमनं जोडणी एकदाच बंद करायला सांगावं, एवढंच तिनं केलं. टूलमधली भर तिनं ते सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवली आणि सुनील सर पुण्याहून गाडी घेऊन आले. सुधारलेला प्रोग्रॅम यंत्रात घालायला दोघं आहुप्याला गेले.

मोहिनीताईंनी ठमाबाईंना कसंबसं खुर्चीत बसवलं. डॉक्टर दिसले, बोलणं सुरू झालं आणि रेंज गेली. चित्र थिजलं. सुनील सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग चित्र हललं.

"हां, ठमाबाई, कुठं दुखतंय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवो, हितं गुडघ्यात. आन् तुमी जरा दम धरून बोला की!"

मोहिनीताई तोंडाला पदर लावून हसल्या.

परतताना डिंभे धरणापाशी रुमानाच्या फोनला रेंज आली. टूलवाल्यांचं उत्तर होतं. काम हवंच आहे, पण दोन जागी बदल करा आणि दाबायच्या इतर पद्धतींसाठीही चाचण्या जोडा, असं त्यांनी लिहिलं होतं.

"म्हणजे नाही म्हणाले?" सुनील सरांनी विचारलं.

"नाही सर, हो म्हणाले. वेळ लागेल."

"सोमवारपासून कंपनीच्या वेळेत कर. कोणते बदल म्हणतात? वाच बरं, मीही ऐकतो."

त्यांनी गाडीच्या काचा वर केल्या आणि धरणाच्या पाण्याकडेनं गाडी जात असताना रुमाना पहिली सूचना वाचू लागली.