छातीतलं यंत्र

"यांच्या छातीत यंत्र आहे. ते काढल्याशिवाय आत घेता येणार नाही," विद्युतदाहिनीचा ऑपरेटर म्हणाला आणि त्यानं ट्रॉलीवरची चादर पुन्हा चेहऱ्यावर ओढली.

त्याचा पुतण्या पुढं आला. "काका, तुम्ही आम्हाला नियम सांगताय?"

"इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो."

"अहो, पण बाबा गेलेत! आता काय करायचंय त्या यंत्राचं?"

"त्यात बॅटरी असते. भट्टीत गेली की फुटते, आतल्या विटा तडकतात. परवानगी नाही."

"मग काढा ना तुम्हीच."

"मला हात लावायचा अधिकार नाही. ते हॉस्पिटलचं काम. घेऊन जा, काढून आणा."

ट्रॉलीवर ऑपरेटरचा सख्खा थोरला भाऊ होता. हृदयाचे ठोके नीट पडावेत म्हणून ते यंत्र बसवलेलं होतं आणि भावाला त्याचं भारी कौतुक. घरी कोणीही आलं की शर्टाची बटणं काढून तो कातडीखालचा उंचवटा दाखवायचा. "हात लावून बघा, परदेशी माल आहे." त्यामुळे ऑपरेटरला त्या यंत्राचा विसर पडायचा प्रश्नच नव्हता.

तो बोलला त्यातला शब्दन् शब्द नियमाला धरून होता. जे बोलला नाही ते वेगळंच होतं. अशी यंत्रवाली माणसं विद्युतदाहिनीत नेहमीच येत. मग ऑपरेटर हॉस्पिटलात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला फोन करायचा. ड्रेसर स्कूटरवरून यायचा, मागच्या खोलीत छोटासा छेद घेऊन यंत्र काढायचा, दोन टाके घालायचा आणि जायचा. तोवर घरची माणसं समोरच्या टपरीवर चहा घेऊन येत. आजवर त्यानं एकही मृतदेह दारातून परत पाठवला नव्हता.

वॉचमनला हे माहीत होतं. त्याचं तोंड बंद म्हणून राहायचं नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्यानं ऑपरेटरला भिंतीच्या कडेला घेतलं.

"मास्तर, ड्रेसरला फोन लावू?"

"नको."

"अहो, रिकामाच असेल तो. गप्पा हाणत बसला असेल कुठंतरी."

"नको म्हटलं ना."

"बरं, नको तर नको. पण सख्खा भाऊ तुमचा. खरं तर आज तुम्ही भट्टीला हातच लावायचा नाही. घरचं माणूस असलं की दुसऱ्यानं करायचं, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. दुसऱ्या पाळीवाल्याला बोलावतो, तो बघेल काय ते."

तो नियम ऑपरेटरला चांगला ठाऊक होता. बायको गेली तेव्हा त्याच नियमानं त्याला बाहेर उभं केलं होतं. ज्या दारामागं त्याचं सगळं आयुष्य गेलं, ते दार बंद झाल्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं बाहेरून ऐकला.

"तो माझा कोणी नाही," ऑपरेटर म्हणाला.

रेडिओ परत गेटवर जाऊन बसला.

गेल्या वर्षीची गोष्ट. भांडी घासता घासता बायकोला रक्ताची उलटी झाली, मग दुसरी. शेजारणीला तिच्यापाशी बसवून ऑपरेटर दोन गल्ल्या पलीकडे भावाच्या घरी धावत गेला. भाऊ दारात नवी गाडी मऊ फडक्यानं पुसत होता.

"दादा, गाडी काढ. हिला रक्ताच्या उलट्या होतायत."

भावानं हातातलं फडकं पिळलं. मग काचेतून मागच्या सीटकडे पाहिलं. "अरे, सीट खराब होईल. अजून प्लास्टिकसुद्धा काढलं नाही मी. तू ॲम्ब्युलन्स बोलाव ना, तिच्यात सगळी सोय असते."

ॲम्ब्युलन्स आली, पण फार उशिरा. तोवर बायको भिंतीला टेकून विचारत होती, "दादा निघाले का हो?" आणि ऑपरेटर सांगत होता, "निघालेत. येतीलच." जन्मात तिच्याशी तो खोटं बोलला नव्हता. शेवटचं बोलणं तेवढं खोटं झालं, आणि ते भावानं त्याच्या तोंडी घातलं होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी आला तो त्याच गाडीतून, सीटवर प्लास्टिक तसंच ठेवून.

पुतण्या फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. शववाहिका त्यांना सोडून दुसऱ्या कामावर गेली होती आणि लवकर मोकळी होण्याची चिन्हं नव्हती.

"आता न्यायचं कशातून?" तो कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाला.

"गाडी आहे की तुमची," ऑपरेटर म्हणाला.

"गाडीत? काका, अहो, गाडीत कसं नेणार?"

"मागची सीट आडवी होते. तुझ्या बाबांनीच मला दाखवलं होतं. मोठ्या हौसेनं."

बाकावर बसलेल्या वहिनींनी मान वर केली. त्यांनी दिराकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "काढ गाडी."

"आई, पण सीट..."

"काढ म्हणते ना!"

पुतण्या, रेडिओ आणि सोबत आलेले दोन शेजारी अशा चौघांनी मिळून भावाला गाडीत घातलं. पाय आत मावेनात. पुतण्यानं ते आधी सरळ ढकलून पाहिले, मग एका अंगाला वळवले. वहिनी आधीच आत जाऊन बसल्या होत्या, डोकं त्यांच्या मांडीवर आलं. ऑपरेटर पायरीवर उभा राहून सगळं बघत होता. त्यानं हात लावला नाही आणि नजरही काढली नाही. गाडी वळेपर्यंत त्याला छातीत गार, बरं वाटत होतं. रेडिओ गेट उघडताना त्याच्याकडे न बघता पुटपुटला, "फार झालं, मास्तर."

ते परत आले तेव्हा उन्हं कलली होती. टाके नीट बसले नव्हते. चादरीवर डाग होता आणि वहिनींच्या कपड्यावरही. ऑपरेटरनं यंत्र काढल्याची चिठ्ठी पाहिली, नंबराचा बिल्ला ट्रॉलीला लावला, वहिनींना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार ओढलं.

काम त्यानं रोजच्यासारखंच केलं. एका वेळी एकच, आणि आधीच्याचा कणसुद्धा मागं राहता कामा नये, असा नियम होता. भट्टी निवल्यावर त्यानं लांब दांड्याच्या फावड्यानं सगळं पुढं ओढलं. मग ब्रशनं कोपरे झाडले, विटांच्या फटी झाडल्या, आणि पुन्हा एकदा झाडल्या. ही माया नव्हती. या माणसाचं काहीही त्याला इथं राहू द्यायचं नव्हतं. बायकोला ज्या विटांवर ठेवलं होतं तिथं तर नाहीच.

सगळ्या अस्थी डब्यात भरून, झाकण लावून तो बाहेर आला. पुतण्या गेटजवळच्या नळावर बादली घेऊन गाडीत वाकला होता. वहिनी एकट्याच बाकावर होत्या.

"रेडिओनं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोन केला असता तर तो माणूस इथंच आला असता."

"आला असता."

"सगळ्यांसाठी बोलावता म्हणे."

"सगळ्यांसाठी."

वहिनींनी मान डोलावली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"वहिनी, सीट खराब झाली का?" ऑपरेटरनं विचारलं. वर्षभर हा प्रश्न त्याच्या जिभेवर होता. फक्त तो विचारायचा होता भावाला.

"झाली," वहिनी म्हणाल्या. "फार खराब झाली. आता तरी समाधान झालं का, भावोजी?"

त्यानं खरोखर विचार केला. वहिनींशी खोटं बोलावंसं त्याला वाटलं नाही.

"थोडं," तो म्हणाला.

वहिनींनी दोन्ही हात पुढं केले. त्यानं डबा पुढं केला, आणि त्यांची बोटं लागणार तेवढ्यात मागं घेतला.

"थांबा. गरम आहे. भाजेल."

"मग?"

"निवू द्यायचा असतो. बसा तुम्ही."

त्या बसल्या आणि त्याच्यासाठी बाकावर थोड्या सरकल्या. तो बसला नाही. डबा त्यानं मोकळ्या जागेत ठेवला, वर झाकणावर हात टेकला आणि तसाच उभा राहिला. अजून बराच गरम होता.