बाविसावं मिनिट

“ताई, सुई पाहत बसाचा पगार भेटते का तुमाले?”

अर्पिता आणि बबिता या मैत्रिणींनी कुल्फीची पैज लावली, म्हणून रंजितानं हे भर कारखान्यात, अख्ख्या दहावीच्या वर्गासमोर विचारलं. वणीच्या त्या शेडमध्ये खाणींसाठी दाबाच्या हवेच्या टाक्या बनत. दहावीनंतर काय, हे पोरींना सुचावं म्हणून शाळेनं सहल आणली होती. रंजिताचं घरी ठरलंच होतं: राळेगावला मामाकडं राहून आर्ट्स. उद्या शाळेत द्यायच्या फॉर्मवर तेवढं लिहायचं, बापूंची सही घ्यायची, झालं.

टाकीची चाचणी घ्यायला स्टुलावर बसलेल्या विमलताई हसल्या. “भेटते ना. ये, आज तू कमव.” आणि त्यांनी तिलाच दाब दाखवणाऱ्या तबकडीसमोर बसवलं.

टाकी पाण्यानं गच्च भरलेली. वरच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत विमलताईंनी पंपाला हात लावला नव्हता. टाकी रोज सोसणार त्याच्या दीडपट दाब चढवला, सुई थरथरायची थांबली, तेव्हा कुठं घड्याळ लावलं. तीस मिनिटं.

“इतका वेळ काहून?”

“मोठी भेग लगेच बोंबलते. बारीक भेगेतून पाण्याले बाहेर याले वेळ लागते. तो आपण द्याचा.”

दहा मिनिटांत मैत्रिणी कंटाळून चहाच्या टपरीकडं पळाल्या. बाहेर टाकी न्यायला आलेले ट्रकवाले पूनमसिंग हॉर्नवर हॉर्न देत होते. मालक दोनदा येऊन सांगून गेले, की टाकी ठणठणीत आहे, सोडा आता. विमलताईंनी मानसुद्धा वळवली नाही. काय बाई आहे ही, रंजिताला वाटलं.

बाविसाव्या मिनिटाला सुई हलली. केसभर. रंजितानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. भास असला तर? ट्रक खोळंबलाय, मालक दारात उभे, सगळा वर्ग फिदीफिदी हसेल. पण सुई काही परत वर येईना.

“ताई, उतरली.”

‘नक्की का’ असं विमलताईंनी विचारलंच नाही. पंपाचा सांधा कोरड्या फडक्यानं पुसून पाहिला, कोरडा. दाब थोडा कमी केला, मगच टॉर्च घेऊन टाकीखाली वाकल्या. खालच्या नळीच्या वेल्डिंगवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब! त्यांनी त्याभोवती खडूनं गोल काढला आणि उरलेला दाबही सोडून दिला.

मालक म्हणाले, वेल्डिंग मारून घेऊ, मग राहिलेली आठ मिनिटं धरा.

“आठ नाही, साहेब. पुन्हा पहिल्यापासून तीस.”

आवाज जरासुद्धा चढला नाही. मालक पूनमसिंगांची समजूत काढायला गेले.

कुल्फी खाताना रंजितानं फॉर्म काढला आणि मांडीवर ठेवून एका दमात भरला.

संध्याकाळी बंजारा तांड्यावर याडी, तिची आई, भाकरी थापत होती, बापू खाटेवर टेकले होते. रंजितानं फॉर्म त्यांच्यापुढं धरला.

“बापू, मी यवतमाळच्या पॉलिटेक्निकचं लिवलं. मेकॅनिकल. पेनानं लिवलं, आता खोडाची नाही.” याडीचा हात थापता थापता थांबला. बापूंनी तोंड उघडलं, तशी ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “आत्ता काही बोलू नका. अर्धा तास घ्या. मी हलत नाही इथून.”