ठोकळे

डॉक्टरांनी बुटकं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा, आणि हात न टेकता उठा."

थोरला बसला. उठता मात्र येईना. मांड्या थरथरू लागल्या, तसा धाकट्याने सवयीने काखेत हात घालून त्याला उचललं.

"घरी कसे उठता?"

"सगळ्या खुर्च्यांखाली ठोकळे ठोकलेत मी. पलंगालासुद्धा," धाकटा म्हणाला. दोघे भाऊ सुतार; घरात एवढं तरी हवंच, असा त्याचा थाट.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलंय, त्यावर औषध चालू आहे. पण वापरातला स्नायू स्वतःही थोडाफार बचाव करतो, दाह आवरतो, असं आता प्रयोगांत दिसतंय. म्हणून तर मागच्या खेपेला तुमच्या भावाला सांगितलं होतं. यांना रोज जरा उठबस करू द्या, जरा रंधा मारू द्या."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. तो रिपोर्ट पिशवीत भरत होता.

रिक्षात धाकटा म्हणाला, "मला वाटलं, तुला झेपायचं नाही, दादा."

वर्षभर 'दादा, तू बस' ऐकून थोरल्याचा ऊर भरून यायचा. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आता स्वतःच्याच त्या बोलण्याची त्याला चीड आली.

घरात न शिरता तो भिंतीच्या आधाराने मागच्या शेडमध्ये गेला. आजारपणात त्याचं तिथे जाणं धाकट्याने बंदच केलं होतं. थोरल्याने कामाच्या टेबलावर रंधा ठेवला, तर तो थेट बरगड्यांशी आला. पूर्वी हेच टेबल त्याच्या कमरेला लागायचं. धाकटा त्याच्याहून चांगलाच उंच. वाकून वाकून त्याची पाठ धरायची आणि थोरला त्याची चेष्टा करायचा.

त्याने खाली पाहिलं. टेबलाच्या पायांखालीही ठोकळे होते. खुर्च्यांखालचे ओबडधोबड होते. हे घासून, पॉलिश करून बसवलेले.

"खुर्च्या माझ्यासाठी उंच केल्यास," तो मागोमाग आलेल्या धाकट्याला म्हणाला. "आणि हे?"

धाकटा टेबलावरचा भुसा झाडत राहिला.

ते ठोकळे कापायला थोरल्याने खुंटीवरच्या करवतीकडे हात नेला. तो खांद्याच्या वर जाईना. धाकटा पुढे झाला.

"दादा, तू बस. मी काढून देतो."

"तू बस," थोरला म्हणाला, आणि त्याने हात पुन्हा वर नेला.