पोटावरची माझी जागा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना मांजरपाटाचा पट्टा आहे, बाळंतिणीचं पोट बांधायचा, आणि पक्का जळकुकडा आहे. मागून म्हणू नका की आम्हाला कुणी सांगितलं नाही.

माझा जन्म भिवंडीतल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात झाला. साल त्र्याऐंशी असेल. लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. विणता विणता दोरे तुटले, माझ्यात वीतभर जाळी पडली आणि लूमवरचा माणूस ओरडला, "अरे, ये तो खराब हो गया, अलग रख!" झालं. मला कापून कोपऱ्यात टाकलं. माझ्या पुढचा भाग मात्र ऐटीत रंगाऱ्याकडे गेला. त्याचे म्हणे फुलाफुलांचे पडदे झाले, तेही कल्याणच्या एका बंगल्यात. एकाच ताग्यातले आम्ही! त्या दिवशी मी पहिल्यांदा जळलो आणि मग ती सवयच लागली.

त्या कारखान्यात श्रीनाथ नावाचे कारकून होते. त्यांची बायको शुभदा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. श्रीनाथांनी मला घरी नेऊन त्यांच्या आईच्या, अनसूयाबाईंच्या हातात दिलं. अनसूयाबाईंनी मला उलटसुलट बघितलं, जाळी पडलेला भाग टर्रकन फाडून काढला आणि उरलेल्याला सोड्याच्या पाण्यात उकळत टाकलं. मग दगडावर आपट, उन्हात वाळव, पुन्हा भिजव. माझी खळ उतरली आणि खळीबरोबर सगळा ताठाही उतरला. शेवटी कडा दुमडून शिवल्या आणि मी पट्टा झालो.

चैत्रात मुलगी झाली. तिचं नाव मंजिरी. तेल लावायला येसू यायची. ती मूळची दिघाशीची, इथे वीटभट्टीवर मजुरीला आलेली, हात असे की लोखंडालाही घाम फुटेल. तेल, आंघोळ, शेक झाला की ती मला उचलायची आणि शुभदाच्या पोटावर गुडघा टेकवल्यासारखा जोर लावायची.

"बाय, श्वास सोड. आता हालू नको," येसू म्हणायची. "घट बांदला तं पोट जाग्यावर जाईल. सैल ऱ्हायला तं लोंबंल. मंग माजं नाव न्हाय घ्यायचं."

अनसूयाबाईंचा नियम त्याहून कडक होता. पट्टा सव्वा महिना बांधायचा. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

काय सांगू तुम्हाला, काय थाट होता माझा! कोमट तेलाचा वास, खाली ते मऊ पोट आणि सगळ्या घराचं लक्ष माझ्यावर. "पट्टा बांधला का? पट्टा सरकला का?" पण सुख कुठे टिकतं? ते लालबुंद गाठोडं होतं ना घरात! मंजिरीला आईच्या छातीशी धरलं की ती हळूहळू घसरत माझ्यावर यायची, तिथेच झोपायची आणि वर मलाच ओलं करायची. लोक म्हणायचे, "किती गोड!" मी भिजलेला, माझी मात्र कुणाला पडलेली नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा भारी होता. दुपारी लाईट जायची, पंखा थांबायचा. शुभदाच्या पोटावर घामोळं उठलं. एका दुपारी तिने मला ओढून काढलं आणि भिरकावलं.

"आई, नाही सहन होत आता. जीव गुदमरतो."

"सोडलास ना?" अनसूयाबाई म्हणाल्या. "दिवस पुरे नाही झाले अजून. पुढे पोट लोंबलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

मला धुऊन डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत टाकलं. ट्रंकेचं झाकण वाकडं होतं, त्यामुळे फटीतून मला खोली दिसायची. दिसायची हेच वाईट. डिंकाच्या नि मेथीच्या लाडवांनी शुभदा चांगली गोलमटोल झाली आणि ते मऊ, मोठं पोट मंजिरीला आंदण मिळालं. बोलायला लागल्यावर ती जेवण झालं की आईच्या कुशीत शिरायची आणि म्हणायची, "आई, पोट दे." आणि शुभदा द्यायची! कार्टी पोटावर गाल टेकायची, बोटांनी कातडीची चिमूट धरायची आणि दोन मिनिटांत घोरायला लागायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा. माझी जागा होती ती!

मंजिरी शाळेत जायला लागली, शुभदाला प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. वर्गात उभं राहून गुडघे दुखायला लागले, तशी ती पहाटे कोन गावाच्या रस्त्याने चालायला जाऊ लागली. गोड सोडलं, तळलेलं सोडलं. वर्ष-दीड वर्षात इतकी उतरली की ओळखू येईना. गाल बसले, दंड बारीक झाले. पण पोटाची कातडी काही पोटाबरोबर आत गेली नाही. ती तिथेच राहिली, सुरकुतलेली, निऱ्यांवर घडी पडून ओघळलेली. शुभदा सारखी पदर ओढून घ्यायची.

एक्क्याण्णवच्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. शेजारच्या आळीतल्या एक बाई वाण घेताना हसून म्हणाल्या, "काय शुभदाताई, गोड बातमी का? कितवा महिना?"

शुभदाच्या हातातून तिळगूळ सांडला. समोर तिची धाकटी जाऊ सुचेता उभी होती. तिला दोन मुलं, तरी पोट कसं सपाट, साडी कशी चापूनचोपून! शुभदाने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी फटीतून बरोबर ओळखली. आरशात बघितल्यासारखं वाटलं मला.

बायका गेल्यावर शुभदा रडली. अनसूयाबाई म्हणाल्या, "तेव्हा पट्टा सोडलास. राहिलेले दिवस कोण भरणार होतं?"

त्या रागात बोलून गेल्या, पण शुभदाने ते धरूनच ठेवलं. मोडलेलं व्रत पुन्हा धरावं तशी ती उठली, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. "मी भरते राहिलेले दिवस," ती म्हणाली.

मित्रांनो, आठ वर्षांनी मला माझी जागा मिळाली! बांधायला येसू नव्हती, म्हणून शुभदाने युक्ती काढली. माझं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायची, दुसरं पोटाला लावायची आणि स्वतःभोवती गिरक्या घेत घेत माझ्यात गुंडाळली जायची. मग वरून साडी आणि शाळा. तिला खडू पडला तर वाकून उचलता येत नव्हता. अर्धी पोळी खाल्ली की बस. मला काय त्याचं! मी पोटावर होतो.

आणि मंजिरी? ती जेवण झालं की यायची, "आई, पोट दे ना."

"नको. पट्टा आहे. लांब झोप."

पट्टा नसतानासुद्धा, आंघोळीहून आल्यावरही, शुभदा तिचा हात बाजूला करायची. आपलं पोट कुणाच्या हाताला लागू नये असंच तिला वाटायला लागलं होतं. मंजिरी भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि झोपण्याआधी माझ्याकडे असं रोखून बघायची की बस. मीही बघायचो. आमचं उघड वैर होतं.

दिवस काही पुरे होत नव्हते. कधी ताप, कधी घामोळं, कधी शाळेची सहल. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच सुचेताने ठाण्याहून एक इलॅस्टिकचा बेल्ट आणून दिला, कातडीच्या रंगाचा, हुकांचा. "वहिनी, हा वापरून बघा, साडीतून दिसतसुद्धा नाही." अस्सा संताप झाला माझा! चार हुक काय लागले, मिरवतोय! पण त्याने शुभदाला पुरळ उठलं आणि अनसूयाबाईंनी सांगून टाकलं की बेल्टचे दिवस धरले जाणार नाहीत. बेल्ट गेला कपाटावर. मी जिंकलो.

मग एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी शुभदाला घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून स्पष्टच सांगितलं, "ही ताणलेली कातडी आहे, हा काही आजार नाही. आतल्या स्नायूंसाठी व्यायाम करा, ताकद येईल. कातडी थोडीफार आवळेल, सगळी नाही. आता इतक्या वर्षांनी बांधून काही होत नाही, उलट श्वास कोंडतो." शुभदाने मान हलवली. घरी आली आणि मला पुन्हा गजाला बांधलं, कारण या खेपेला थोडेच दिवस उरले होते. मला तर हसूच फुटलं.

पण मंजिरीला नाही हसू आलं. ती दहा वर्षांची झाली होती. एका रविवारी शुभदा मोरीत आंघोळीला गेली होती, मी दोरीवर वाळत होतो आणि आळीत हाक आली, "भांडंऽऽ घ्या, भांडंऽऽ!" गोदूबाई बोहारीण. मंजिरीने मला खस्सकन ओढलं, बापाच्या दोन जुन्या पँटींमध्ये दाबलं आणि गोदूबाईच्या पाटीत टाकलं. बदल्यात घेतली एक स्टीलची वाटी. वाटी! मी गाठोड्यात गेलो. तिथे एक जरीची साडी होती, पण तिच्यावर जळायलासुद्धा मला सुचलं नाही, इतका मी घाबरलो.

शुभदा बाहेर आली. दोरी रिकामी. तिने मंजिरीच्या हातातली वाटी बघितली आणि काय झालं ते तिला कळलं. मग ती धावली. ओले केस, साडी कशीबशी गुंडाळलेली, पदर खांद्यावर नाही, पोट सगळ्या आळीसमोर उघडं, आणि तिला त्याचं भानसुद्धा नव्हतं! नाक्यावर तिने गोदूबाईला गाठलं.

"माझा पट्टा द्या."

"अगं बाई, ह्या चिंधीसाठी एवढ्या धावत आलात?" गोदूबाईने मला उपसून काढलं. "मला वाटलं, मंगळसूत्रच गेलं की काय पाटीत. घ्या!"

घरी येताच शुभदाने मंजिरीला एक ठेवून दिली. मंजिरी रडली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला तो नको घरात. तो रोज तुझ्या पोटावर झोपतो. मी आले की मला ढकलतेस."

शुभदा तिच्यासमोर खाली बसली. मग हळूच म्हणाली, "अगं, पोट चांगलं दिसत नाही ते आता. म्हणून गं."

"पण मी कुठे बघते?" मंजिरी म्हणाली. "मी तर डोळे मिटून झोपते."

अनसूयाबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. उठल्या, दार लोटून घेतलं आणि आपल्या नऊवारीच्या निऱ्या जरा खाली सरकवल्या. "शुभदा, इकडे बघ."

त्यांचं पोट शुभदापेक्षाही सैल होतं. घडीवर घडी.

"तीन बाळंतपणं," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा सगळे दिवस भरले. एकही चुकवला नाही."

"मग मला का हो म्हणत होतात?"

"माझी सासू म्हणायची, तू ढिला बांधलास. मी ते खरं धरलं, लाजेने कधी कुणाला दाखवलं नाही. तुझ्याकडे बोट दाखवलं की माझं झाकलं जायचं. पहिल्या दिवसांत कंबरेला आधार मिळतो, तेवढंच ह्या पट्ट्याचं काम. चुकलंच माझं, पोरी."

ऐकलंत? तेवढंच काम! मी शुभदाच्या मुठीत होतो. मी वाट बघत होतो, ती आता मला गजाला बांधेल, गिरकी घेईल. तिने चटई अंथरली. आडवी झाली. पोटावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "मंजू, ये."

दहा वर्षांची घोडी ती, पाय चटईच्या बाहेर जात होते. तरी आली, गाल टेकला, डोळे मिटले. शुभदाने तिच्या केसांतून हात फिरवायला मूठ उघडली आणि मी जमिनीवर पडलो. कुणी उचललंसुद्धा नाही.

आता मंजिरी दहावीत आहे. शुभदा रोज सकाळी सतरंजीवर व्यायाम करते. पोट आतून घट्ट झालंय, वरची कातडी अजून तशीच आहे, थोडी आवळलेली, बाकी चुण्या. परवा कुणीतरी पुन्हा विचारलं, "काय, गोड बातमी?" तर ही हसून म्हणते कशी, "नाही हो, ही आधीचीच बातमी. दहावीला आहे." मला मोरीतल्या गळक्या नळाला गुंडाळलंय. इथून बाहेरची खोली दिसते. अभ्यासाचा कंटाळा आला की मंजिरी पुस्तक उपडं ठेवते आणि आईच्या पोटावर डोकं टाकते. मी बघतो आणि जळतो, नळाचं एवढं पाणी अंगावरून गेलं तरी विझत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या आईचं पोट सैल असेल, चुण्यांचं असेल, तर त्याला हसू नका आणि दुसऱ्या कुणाला हसू देऊ नका. तुम्ही आत राहून ते ताणलंत, तुमचंच काम आहे ते. मोठे झालो म्हणून लाजू नका, जाऊन डोकं ठेवा. नाही ठेवलंत, तर ती जागा मोकळी राहणार नाही, माझ्यासारखा कुणीतरी तिथे येऊन बसेल. आणि मी माझ्यावरून सांगतो, आम्ही एकदा बसलो की सहजासहजी उठत नाही.